छेद कोठे घेणार, हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारायलाच हवे

आईचे वय ६८ असून डोळ्याला तिरका नंबर (सिलिंडर) आहे. मोतीबिंदूचा छेद वरून घेतला की कानाच्या बाजूने, याने त्या नंबरात फरक पडतो का आणि टॉरिक, म्हणजे तिरका नंबरही भरून काढणारे, भिंग डोळ्यात बसवून घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

फरक पडतो. सोलापुरात अनेक वर्षे मी केरॅटोमीटरवर, म्हणजे पारपटलाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) वक्रता मोजणाऱ्या यंत्रावर, डोळे मोजण्याचे काम केले आणि हा फरक माझ्या वडिलांच्याच दोन डोळ्यांत मोजला. ते पूर्व भागातील एका कारखान्यात चादरींचा माल तपासायला बसत. शस्त्रक्रियेआधी त्यांच्या उजव्या पारपटलाची वक्रता उभ्या दिशेला ४३.०० डायॉप्टर (नंबर मोजण्याचे एकक), तर आडव्या दिशेला ४४.२५ होती; या दोहोंतील फरक म्हणजेच तिरका नंबर. तरुणपणी सहसा उभी दिशा अधिक वक्र असते, उतारवयात अनेकांची आडवी होते, तसेच हे होते. छेद ज्या दिशेला घेतला जातो ती दिशा सपाट होते आणि तिच्याशी काटकोनात असलेली दिशा अधिक वक्र होते, म्हणून छेद कानाच्या बाजूने, म्हणजे आडव्या दिशेला, घ्यावा, असे मी शल्यचिकित्सकांना आकड्यांसह सांगितले. "एवढ्याने काय होते, चष्मा लागतोच," असे म्हणून ते नेहमीप्रमाणे डोक्याशी बसले आणि त्यांनी सहा मिलिमीटरचा बिनटाक्याचा छेद वरून घेतला.

दीड महिन्याने मोजले तेव्हा आकडे ४२.२५ आणि ४५.०० होते. सव्वाचा फरक पावणेतीन झाला होता. चादर हातात घेतली की ताण्याचे उभे धागे नीट दिसत तेव्हा बाण्याचे आडवे धूसर होत आणि चादर थोडी पुढेमागे केली की नेमके उलट होई. चष्म्याने हा नंबर भरून निघतो हे खरे, परंतु सत्तरीच्या माणसाला एकदम एवढा सिलिंडर दिला की फरशी तिरपी भासते आणि पायरी चुकते. वडिलांनी तो चष्मा महिनाभरात काढून ठेवला.

डाव्या डोळ्यातही आधी फरक सव्वाचाच होता. त्याची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी, गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच पद्धतीने, मात्र कानाच्या बाजूला बसून केली आणि फरक अर्ध्यावर आला. पारपटल आडवे थोडे अधिक रुंद असल्याने बाजूचा छेद मध्यापासून दूर पडतो आणि त्याचा परिणाम सौम्य राहतो; तरीही एवढा लाभ झाला. डोक्याशी बसण्याची सवय हे कारण मला तेव्हाही मान्य नव्हते, आजही नाही.

आपल्या आईची शस्त्रक्रिया फेकोने (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याच्या पद्धतीने), सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरच्या छेदातून होणार असेल, तर परिणाम बराच कमी असतो, हेही सांगितले पाहिजे. तिची उभी दिशाच अधिक वक्र असेल, तर वरचा छेद तिच्या हिताचा ठरू शकतो. टॉरिक भिंगाचा विचार साधारण एक-दीड डायॉप्टरच्या पुढच्या फरकासाठी होतो, पण त्याचे गणितही छेदाची जागा ठरल्याशिवाय पुरे होत नाही. म्हणून केरॅटोमीटरचा कागद हातात घ्या, दोन्ही आकडे व त्यांची दिशा सांगणारे अंश वाचा आणि छेद कोणत्या अंशावर घेणार, हे डॉक्टरांना नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा.