‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’चा चौथा भाग आधीच्या भागांपुढे फिका का वाटतो?

आपण विचारले आहे की ‘हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया’ या ॲनिमेशनपटांच्या मालिकेतला चौथा चित्रपट, म्हणजे ‘ट्रान्सफॉर्मेनिया’, आधीच्या तिन्हींपेक्षा कमी का पडतो, ड्रॅक्युलाला ॲडम सँडलरचा आवाज नसणे हेच त्याचे कारण आहे का, आणि सात वर्षांच्या मुलीला तो दाखवावा का. मी अंधेरीतल्या एका स्टुडिओत ॲनिमेटर म्हणून काम करते आणि ही मालिका मला मनापासून आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या मते दोष आवाजाचा नाही, कथेचा आहे. तीन चित्रपटांत ड्रॅक्युला जेवढा पुढे आला होता, तेवढाच चौथ्यात त्याला मागे नेले आहे.

आवाजाचा मुद्दा आधी संपवते. चौथ्या भागात ड्रॅक्युलाचा आवाज ब्रायन हल या तरुण कलाकाराने दिला आहे. सँडलरची लकब त्याने इतकी नेमकी उचलली आहे की पहिल्या काही प्रसंगांनंतर फरक लक्षातही राहत नाही. ड्रॅक्युलाचा मित्र फ्रँक याचाही आवाज बदलला आहे, पण ड्रॅक्युलाची लेक मेव्हिस आणि जावई जॉनी यांना सेलेना गोमेझ आणि अँडी सँबर्ग यांचेच आवाज आहेत. मुंबईत डबिंगचे काम जवळून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असते की प्रसंगात जीव असेल तर नवा आवाज प्रेक्षक सहज स्वीकारतात.

आता कथेकडे वळते. 2012च्या पहिल्या भागात माणसांच्या जमावाने ड्रॅक्युलाच्या पत्नीचा, मार्थाचा, बळी घेतलेला आहे, आणि लेकीला माणसांचा वाराही लागू नये म्हणून त्याने 1895 साली केवळ मॉन्स्टरांसाठी हे हॉटेल बांधले आहे. मेव्हिसच्या 118व्या वाढदिवसाच्या सुमारास पाठीवर पिशवी टाकून भटकणारा जॉनी, एक माणूस, नेमका तिथे येऊन धडकतो आणि दोघे प्रेमात पडतात. 2015च्या दुसऱ्या भागात नातू डेनिस माणसांवर गेला आहे की आपल्यावर, ही धास्ती आहे. 2018च्या तिसऱ्या भागात विधुर ड्रॅक्युला जहाजावरच्या सहलीत एरिकाच्या प्रेमात पडतो, आणि ती निघते मॉन्स्टरांची शिकार करणाऱ्या व्हॅन हेल्सिंगची पणती. म्हणजे दर वेळी या बापाला नवी भीती आहे आणि दर वेळी तो ती ओलांडून थोडा मोठा होतो. तिसरा भाग पहिल्याइतका बांधीव नाही हे मला मान्य आहे, पण त्यातही ड्रॅक्युला कुठेतरी पोचतो.

चौथ्या भागाची सुरुवात खरोखर उत्तम सुचलेली आहे. हॉटेलच्या 125व्या वर्धापनदिनी निवृत्त होऊन ते लेक-जावयाच्या हाती सोपवायचे, असे ड्रॅक्युलाने ठरवलेले असते. पण जॉनीचे हॉटेलात करायच्या बदलांचे उत्साही बेत ऐकून त्याचा जीव खालीवर होतो, आणि मालमत्तेच्या कायद्यानुसार हॉटेल केवळ मॉन्स्टरच्याच नावावर करता येते, अशी थाप तो मारतो. जागा कुणाच्या नावावर करायची या प्रश्नावरून सख्खी माणसे अबोल झालेली मुंबईत ज्याने पाहिली आहेत, त्याला या प्रसंगातला ताण समजावून सांगावा लागत नाही. जावयावर माया आहे, पण हाताने उभारलेले घर त्याच्या हवाली करवत नाही: यावर अख्खा चित्रपट उभा राहू शकला असता.

लेखक मात्र तिथे थांबतच नाहीत. व्हॅन हेल्सिंगच्या यंत्राने जॉनीचा ड्रॅगनसारखा प्राणी होतो, ड्रॅक्युलाचा माणूस होतो, यंत्रातला स्फटिक फुटतो, आणि दुसरा स्फटिक शोधायला दोघे दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात जातात. पुढे बराच वेळ पळापळ, ऊन, किडे आणि धापा. ज्या ड्रॅक्युलाने पहिल्या भागात उन्हात होरपळत विमानामागे उडून जॉनीला परत आणले, तोच इतक्या वर्षांनी त्याला पुन्हा परका मानतो, आणि हे का घडले याचे पटेल असे उत्तर चित्रपट देत नाही. त्याहून मला खटकते ती मेव्हिसची वाट. हॉटेल तिचेही आहे, फसवणूक तिच्याही नवऱ्याची झाली आहे, तरी तिच्या वाट्याला मुख्यतः एरिकाबरोबर त्या दोघांचा माग काढणे एवढेच येते.

माझ्या व्यवसायाच्या नजरेने आणखी एक गोष्ट सांगते. पहिले तिन्ही भाग गेंडी टार्टाकोव्हस्की यांनी दिग्दर्शित केले. ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’ आणि ‘सामुराय जॅक’ या टीव्हीवरच्या कार्टून मालिका करणाऱ्या या माणसाने संगणकावरच्या बाहुल्यांना हाताने काढलेल्या कार्टूनचा लवचीकपणा दिला. ॲनिमेटरने केलेल्या शॉटवर ते स्वतः रेखाटून पोझ आणखी ताणायला सांगत. ड्रॅक्युला पाय न हलवता तरंगत येतो, एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये झटक्यात जातो, त्याचा झगाही अभिनय करतो. चौथ्यात टार्टाकोव्हस्की सहलेखक आणि कार्यकारी निर्माते आहेत, दिग्दर्शन डेरेक ड्रायमन आणि जेनिफर क्लुस्का यांचे आहे. त्यांनी शैली बरीचशी सांभाळली आहे, परंतु नायकाचाच माणूस केल्यामुळे तरंगणे, वटवाघूळ होणे आणि तो झगा, सगळेच बराच काळ पडद्यावरून जाते. उरतो पोट सुटलेला, दमणारा एक गृहस्थ, आणि त्याच्या शरीराला करण्याजोगे फारसे काही दिलेले नाही. फ्रँक, वेन, ग्रिफिन, मरे हे मित्रही माणसे होतात. अदृश्य ग्रिफिन एकदाचा दिसू लागतो तेव्हा मीही खळखळून हसले, पण त्या कल्पनेचा पुढे विस्तार होत नाही.

हा चित्रपट 14 जानेवारी 2022 रोजी चित्रपटगृहांऐवजी थेट ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आला. तेव्हा मुंबईत करोनाची तिसरी लाट होती, त्यामुळे बहुतेकांनी तो घरीच पाहिला. मोठा पडदा असता तर रंग आणि वेग अधिक भावले असते, परंतु कथेची उणीव तशीच राहिली असती.

मुलीला अवश्य दाखवा. थोडे वात्रट विनोद आणि कार्टूनमधली किंचित नग्नता सोडली तर त्यात भीतीदायक किंवा आक्षेपार्ह असे काही नाही, आणि त्या वयाला ड्रॅगनसारखा जॉनी आवडेलच. मात्र क्रमाने दाखवा. पहिला भाग पाहिलेला नसेल तर शेवटाकडे ड्रॅक्युला जॉनीजवळ आपली चूक कबूल करतो, त्या प्रसंगाचे वजन तिच्यापर्यंत पोचणार नाही, आणि तिसरा वगळला तर एरिका या घरात कशी आली, हे तुम्हाला मध्येच थांबून सांगत बसावे लागेल.