श्रीलंकेला मुलांना घेऊन पहिल्यांदा जाताय?

पहिल्याच खेपेत अख्खा देश उरकायला जाऊ नका. पुन्हा यायचंच आहे असं धरून एका गावात निवांत राहा. नाताळच्या सुट्टीत गॉल-मिरिस्साचा दक्षिण किनारा घ्या. मे ते सप्टेंबर तिकडे पावसाळा, तेव्हा पूर्वेचं त्रिंकोमाली गाठा. समुद्र शांत असतो. आणि जमल्यास मुक्कामाचं घर बदलू नका. पुढच्या वर्षी त्या घरच्या मावशी मुलांची उंची बघून हरखतात, न मागता मातीच्या भांड्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुल माडाचा काळसर पाक पुढे ठेवतात. आमच्या मुलांचा जीव तिथेच जडला! सिगिरियाचा उंच कातळकिल्ला मात्र सकाळी लवकर चढा, उन्हात लहानांचे हाल होतात.