वादळ ‘एक नंबरचं’ म्हणजे किरकोळ का?

प्रश्न : माझी मुलगी ह्यूस्टनला असते. चक्रीवादळ येतंय असं कळलं, की मी फोन करते. ती म्हणते, ‘आई, कॅटेगरी वनच आहे, कशाला घाबरतेस?’ पाच म्हणजे सर्वांत भयंकर आणि एक म्हणजे किरकोळ, असंच समजायचं ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ह्यूस्टनमध्ये मी एकोणीस वर्षं काढली. मीही माझ्या आईला अगदी हेच सांगायचो. आकडा खरा असतो, पण तो फक्त वाऱ्याचा असतो. वादळातल्या सर्वाधिक वाऱ्याचा एका मिनिटाचा सरासरी वेग ताशी ११९ किलोमीटरवर गेला की पहिली श्रेणी, २५२ वर गेला की पाचवी. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत घुसेल, वादळ किती पसरलंय, किती रेंगाळेल, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. आणि माणसं मरतात ती बहुतेक पाण्याने. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अशा वादळांनी थेट घेतलेल्या दहा बळींपैकी सुमारे नऊ पाण्याचे होते.

२०१७ चं ‘हार्वी’ मी घरात बसून पाहिलं. २५ ऑगस्टच्या रात्री ते आमच्यापासून खूप दूर, रॉकपोर्टजवळ, चौथ्या श्रेणीचं होऊन किनाऱ्यावर आलं. त्या रात्री आमच्या अंगणातली तुळशीची कुंडीसुद्धा हलली नाही. सकाळी सुटलो म्हणून मी चहा टाकला. मग वादळाचा जोर ओसरत गेला, श्रेणी उरलीच नाही, पण ते जागचं हलेना. पाऊस दिवसचे दिवस कोसळत राहिला. नेदरलँड या गावी तर एकूण दीड मीटरहून जास्त पाऊस मोजला गेला. रविवारी पहाटे आमच्या गल्लीतून बायूचं, म्हणजे शहरातल्या त्या संथ ओढ्याचं, तपकिरी पाणी वाहत होतं. शेजारच्या आजींना आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून माडीवर नेलं. बातम्यांमध्ये तेव्हा वादळ ‘कमकुवत’ झालं होतं.

२००८ चं ‘आइक’ दुसऱ्या श्रेणीचं, पण अवाढव्य पसरलेलं. त्याने समुद्र असा ढकलला, की बोलिव्हर द्वीपकल्पावर घरांच्या जागी नुसते खांब उरले.

आणि मुलीचा ‘कॅटेगरी वन’? जुलै २०२४ चं ‘बेरिल’ तेच होतं. झाडं तारांवर पडली आणि वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, तीही ऐन उन्हाळ्यात. मी तोवर पुण्याला परतलो होतो. ह्यूस्टनचा एक मित्र वृद्ध आईला गारवा मिळावा म्हणून गाडीत बसवून एसी चालू ठेवत होता. फोनवर त्याचा आवाज ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

तेव्हा मुलीला आकडा विचारू नका. घर बायूपासून किती लांब आहे, पूरनकाशात कुठे येतं, वीज आठवडाभर नसली तर कुठे जाशील, हे विचारा. विम्याचंही विचारा. तिथे घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तो लागू व्हायला साधारणपणे तीस दिवस जातात. वादळाची बातमी आल्यावर घेऊन उपयोग नाही, म्हणून हा फोन आजच करा.