वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरहोमचं स्टेअरिंग सैल झालंय

प्रश्न : नमस्कार. आम्ही टेक्सासला असतो. एक जुनं क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, आत राहता येणारी गाडी) घेतलंय, 1994 चं, फोर्ड ई-350 च्या चॅसीवरचं. इंजिन, गिअर झकास, पण स्टेअरिंग दोन-अडीच इंच इकडेतिकडे फिरवलं तरी चाकं हलतच नाहीत, आणि हायवेला शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी भरकटते, सारखं सावरत बसावं लागतं, तासाभरात खांदे भरून येतात. गॅरेजवाला म्हणतो स्टेअरिंग बॉक्स (व्हील फिरवलं की चाकं वळवणारी गिअरची पेटी) बदला, ओळखीतले एकजण म्हणतात स्टॅबिलायझर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा पार्ट) लावा. आई-बाबा भारतातून येतायत, त्यांना कोलोराडोला न्यायचंय. काय करू?

उत्तर : तुमच्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि गॅरेजवाल्याने त्यांचं एकच गाठोडं केलंय. स्टेअरिंग फिरतं पण चाक हलत नाही, हा प्ले, म्हणजे कुठलातरी सांधा झिजलाय. ट्रक गेला की गाडी भरकटते, त्यात बराचसा हात टायर, वजन आणि अलाइनमेंटचा असतो, नुसता बॉक्स बदलून ते जाणार नाही. आणि प्ले नेमका कुठे आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय एका डॉलरचाही पार्ट घेऊ नका.

बघायला दोन माणसं लागतात. सपाट जागा, गाडी पार्कमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. जॅक लावू नका, चाकांवर वजन असलं तरच सांधे खरं बोलतात. इंजिन चालू ठेवायचं म्हणजे पॉवर असिस्ट मिळतो, फक्त फॅन आणि बेल्टपासून हात, केस, ओढणी सगळं लांब. एकाने स्टेअरिंग सावकाश, जेवढं मोकळं फिरतंय तेवढंच आणि त्याहून जरासंच पुढे डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने पुढच्या चाकाच्या मागे बाजूला आडवं पडून टॉर्च मारून वरून खाली एकेक जोड बघत यायचं. कॉलममधून येणारा शाफ्ट फिरतोय पण बॉक्समध्ये शिरणारा दांडा थांबलेला आहे, तर दोष त्या मधल्या शाफ्टच्या जॉइंटमध्ये, ई सिरीजच्या जुन्या गाड्यांत हा बऱ्याचदा झिजलेला सापडतो आणि बिल मात्र बॉक्सचं फाटतं. दांडा फिरतोय पण पिटमन आर्म (बॉक्समधून निघून चाकांकडे हालचाल नेणारा हात) उशिरा हलतोय, तरच बॉक्सवर संशय घ्या, आणि तेव्हाही बॉक्स फ्रेमवर घट्ट बसलाय ना, का बोल्ट ढिले होऊन अख्खा बॉक्सच हलतोय, ते आधी बघा.

पिटमन आर्मच्या पुढे ड्रॅग लिंक आणि टाय रॉड (तीच हालचाल चाकांपर्यंत पोचवणारे दांडे) यांचे एंड, म्हणजे टोकाचे बॉल असलेले जोड. प्रत्येक एंडला पंजाने कवटाळून धरा. चांगल्या जोडात दोन्ही भाग एकदम सरकतात, झिजलेल्यात आधी एक सरकतो मग हाताला टक् लागतं आणि मगच दुसरा सरकतो, कधीकधी बॉल सॉकेटमध्ये वरखाली होताना सरळ दिसतो, रबरी बूट फाटून ग्रीसची काळी माती झालेली असते. असं दिसलं तर गाडी किराणा आणायलासुद्धा काढू नका, एंड निसटला तर चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही, आणि मागे आई-बाबा बसलेले असणार.

नवा एंड बसवताना मला सगळ्यात जास्त काळजी नटाची वाटते. टॉर्क (मॅन्युअलमध्ये दिलेला आवळण्याचा जोर) पूर्ण द्यायचा, मग कॉटर पिनचं (नट सुटू न देणाऱ्या पिनचं) भोक जुळत नसेल तर नट आणखी पुढे आवळून जुळवायचं, मागे सैल करून कधीच नाही. पिन नवीनच घाला. आणि नंतर अलाइनमेंट करावंच लागतं, ते टाळलंत तर नवे टायर खाल्ले जातील.

बॉक्सच्या वरती लॉक नट असलेला एक स्क्रू असतो, व्हिडिओ बघून लोक तोच पिळतात. हे करू नका, निदान बाकी सगळं तपासल्याशिवाय तर नाहीच. तो मॅन्युअलप्रमाणे, ड्रॅग लिंक सोडवून, बॉक्स बरोबर मधोमध ठेवून सेट करायचा असतो. जास्त आवळला तर वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि बॉक्स आतून खराब होतो.

आता भरकटण्याचं. टायरवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरचे शेवटचे चार आकडे वाचा, 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. मग पाणी, सामान, माणसं भरून ट्रक स्टॉपवर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलून घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्यातून त्या वजनाचं प्रेशर ठरवा. लोड रेंज ई (जास्त वजन पेलणाऱ्या) टायरवर कमाल 80 पीएसआय लिहिलेलं असतं आणि पुढचं वजन कमी असूनही लोक पुढे तेवढंच भरतात, मग टायर जेमतेम मधोमध टेकतो आणि गाडी तरंगल्यासारखी जाते. जड सामान मागच्या टोकाला ठेवलं तरी पुढचा एक्सल हलका होतो, ते पुढे सरकवा. ब्रेक दाबल्यावर पुढून ठक्क आवाज येत असेल तर रेडियस आर्मचे बुश (पुढचा एक्सल फ्रेमला धरणाऱ्या दांड्यांची रबरं) बघा. अलाइनमेंट ट्रकचं काम करणाऱ्याकडेच करा, आणि भरलेल्या गाडीवर, कॅस्टर (स्टेअरिंग आपोआप सरळ आणणारा चाकाचा पुढे-मागे कल) वाढवून मागा. या चॅसीत त्यासाठी वरच्या बॉल जॉइंटला अ‍ॅडजस्टेबल स्लीव्ह बसवता येते.

स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी. तो झिजलेला जोड दुरुस्त करत नाही, लपवतो.

प्रश्न : टाय रॉड बदलले, आता गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं राहतं. व्हील काढून सरळ लावू का?

उत्तर : नको, व्हीलला हातच लावू नका, बॉक्स मधोमध राहणार नाही. अलाइनमेंटवाल्याकडे परत जा, तो लिंकेजच्या स्लीव्ह (दांड्यांची लांबी बदलणाऱ्या नळ्या) फिरवून टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) न बिघडवता व्हील सरळ आणतो. निघण्याआधी स्लीव्हचे क्लॅम्प आवळलेत ना ते स्वतः वाकून बघा.