वाचकांचे प्रश्न : कृषी खात्याची तरतूद नेमकी कोण ठरवते?

प्रश्न : दरवर्षी मार्चमध्ये अर्थमंत्री भाषण वाचतात आणि दुसऱ्या दिवशी ‘शेतीला इतके हजार कोटी’ असे मथळे येतात. विधानसभेत शेतकरी कुटुंबांतले इतके आमदार असताना ते सगळे मिळून कृषी खात्याची रक्कम वाढवून का घेत नाहीत?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : वाढवून घेता येत नाही, म्हणून घेत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ नुसार विधानसभा एखादी अनुदानाची मागणी, म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चासाठी सरकारने सभागृहाकडे मागितलेली रक्कम, मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा तीत कपात करून ती संमत करू शकते. मात्र राज्यपालांच्या शिफारशीशिवाय, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाच्या संमतीशिवाय, कोणतीही मागणी सभागृहापुढे येऊच शकत नाही. त्यामुळे सर्व २८८ आमदारांचे एकमत झाले, तरी त्यांना आपल्या बळावर ठिबक सिंचनाच्या अनुदानात एका रुपयाची भर घालता येणार नाही. सदस्यांच्या हाती उरते ती कपात सूचना. गंमत अशी की, ज्या सदस्याला तरतूद अपुरी वाटते तोही कागदोपत्री ती कमी करण्याचीच सूचना देतो, कारण त्या खात्याच्या कारभारावर बोट ठेवण्याचा तोच रूढ मार्ग आहे. अशी सूचना खरोखर संमत झाली तर तो सरकारवरचा अविश्वास समजला जातो, त्यामुळे सत्ताधारी बाके तिच्या बाजूने कधी मत देत नाहीत.

आकडा ठरतो तो त्याआधी, आणि बव्हंशी मंत्रालयात. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी आणि विभागीय कृषी सहसंचालक यांच्याकडून आलेले अंदाज पुण्याच्या कृषी आयुक्तालयात एकत्र केले जातात, तेथून ते मंत्रालयातील कृषी विभागाकडे आणि पुढे वित्त विभागाकडे जातात. वेतन व निवृत्तिवेतनासारखा अनिवार्य खर्च फारशी खळखळ न होता मान्य होतो; खरी ओढाताण होते ती योजनांवरच्या, म्हणजे कार्यक्रमांतर्गत खर्चावर. कृषी विभाग मागतो जास्त, वित्त विभाग मर्यादा घालतो कमी, आणि शेवटची तडजोड मंत्र्यांच्या पातळीवर होते. मंत्रालयातून विधान भवनापर्यंत चालत जायला दहा मिनिटे पुरतात. आकडा तेथे पोहोचतो तेव्हा त्यात बदलण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

सभागृहात अर्थसंकल्पावर आधी सर्वसाधारण चर्चा होते, मग विभागवार मागण्या येतात. प्रत्येक विभागाला एक अक्षर असते. कृषी, पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय विकास व मत्स्यव्यवसाय यांच्या मागण्या ‘डी’ या अक्षराखाली असून कृषी सेवांची मागणी डी-३ या क्रमांकाची आहे. चर्चेचे दिवस मोजके असल्याने काही विभागांवर एक शब्दही न बोलता त्यांच्या मागण्या अखेरच्या दिवशी एकदम मतास टाकल्या जातात. त्यानंतर विनियोजन विधेयक संमत होते आणि मगच राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येतो. ७८ सदस्यांची विधान परिषद अर्थसंकल्पावर चर्चा करते, पण मागण्यांवर मतदान करण्याचा अधिकार तिला नाही.

प्रश्न : कर्जमाफी, पीक विमा, वीज सवलत, अतिवृष्टीची मदत हे सगळे कृषी खात्याच्याच पैशांतून जाते का?
– एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव

उत्तर : नाही, आणि कृषी खात्याच्या आकड्यावरून शेतीवरचा खर्च जोखणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. यांपैकी पीक विमा हप्त्यातील राज्याचा हिस्सा कृषी विभागाकडे आहे, तसाच २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेला वर्षाला ६,००० रुपयांचा ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ही. परंतु कर्जमाफी सहकार विभागाची, कृषिपंपांची वीज सवलत ऊर्जा विभागाची, अतिवृष्टीची मदत महसूल व वन विभागाच्या मदत व पुनर्वसन शाखेची, आणि धरणे व कालवे जलसंपदा विभागाचे. म्हणून एखाद्या वर्षी कृषी खात्याची तरतूद घटली, तर ‘शेतकऱ्याच्या तोंडाला पाने पुसली’ असा निष्कर्ष काढण्याआधी या चारही विभागांची पाने उलटावीत. तरतूद वाढली असेल तर वाढ कशात आहे तेही पाहावे. एक रुपयात पीक विमा खरीप २०२३ पासून सुरू झाला तेव्हा शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ताही राज्याने उचलला. अशा निर्णयाने खात्याचा आकडा फुगतो, पण त्यामुळे माती परीक्षणाला किंवा बियाण्यांच्या कार्यक्रमाला जास्त पैसे मिळाले असे होत नाही. ती योजना २०२५ मध्ये बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा लागू झाला.

तमिळनाडूसारखी राज्ये शेतीसाठी स्वतंत्र अर्थसंकल्प मांडतात. त्यात सर्व विभागांचा शेतीवरचा खर्च एका जागी दिसतो ही सोय आहे, पण घटनेच्या दृष्टीने मतदान मागण्यांवरच होते. वेगळी पुस्तिका छापल्याने पैसा वाढत नाही.

प्रश्न : माझ्या भावाने सिन्नर तालुक्यात ठिबक बसवले. अर्थसंकल्पात तरतूद होती, तरी अनुदान रखडले आणि आले तेही तुकड्यांत. असे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : तरतूद होणे आणि निधी हाती येणे यांत बरेच अंतर आहे. विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात वित्त विभाग ‘बीम्स’ या संगणकीय प्रणालीवर टप्प्याटप्प्याने निधी खुला करतो आणि मग कृषी विभाग वितरणाचा शासन निर्णय काढतो. असा निर्णय मिळवून त्याचा शेवटचा परिच्छेद वाचावा. त्यात ‘मागणी क्रमांक डी-३, २४०१ पीक संवर्धन’ अशी सुरुवात होऊन पुढे योजनेचा संकेतांक आणि अखेरीस ‘३३, अर्थसहाय्य’ असे लिहिलेले आढळते. खर्च कोणत्या लेखाशीर्षावर, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या सदराखाली टाकायचा, ते या ओळीवरून ठरते.

तुकड्यांचे कारणही अशाच ओळींत सापडते. ठिबकसाठी केंद्राची योजना अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के अनुदान देते व त्यातील भार केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. त्यावर आणखी २५ टक्के राज्य आपल्या वेगळ्या योजनेतून देते. म्हणजे लेखाशीर्षे वेगळी, शासन निर्णय वेगळे आणि पैसे येण्याच्या तारखाही वेगळ्या. केंद्राचा हप्ता लांबला की राज्याचा जोडहिस्साही बहुधा अडकतो.

माझ्या मते मार्चच्या भाषणापेक्षा पुरवणी मागण्यांकडे, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षभरात मागितल्या जाणाऱ्या जादा रकमांकडे, जास्त लक्ष द्यावे. त्या साधारणपणे पावसाळी, हिवाळी आणि अर्थसंकल्पीय अशा तिन्ही अधिवेशनांत येतात, आणि मोठे निर्णय अनेकदा त्यांतूनच मार्गी लागतात. २०१७ च्या कर्जमाफीसाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांद्वारेच झाली होती. निवडणुकीच्या वर्षी तर हे आणखी स्पष्ट दिसते : २०२४ मध्ये २७ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प मांडून लेखानुदान (पूर्ण अर्थसंकल्प संमत होईपर्यंतच्या खर्चाला तात्पुरती मंजुरी) घेण्यात आले, आणि कृषिपंपांच्या मोफत विजेची घोषणा २८ जूनच्या अतिरिक्त अर्थसंकल्पात झाली.

आपल्या भावाने तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ‘अनुदान कधी येणार’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या योजनेचा हिस्सा बाकी आहे आणि त्याचा वितरणाचा शासन निर्णय निघाला आहे काय’ असे लेखी विचारावे. निर्णय निघाला असेल तर अडचण तालुक्यात किंवा जिल्ह्यात आहे. निघाला नसेल तर ती मुंबईत आहे, आणि मग स्थानिक आमदारांमार्फत विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारता येईल.