विदर्भवादी पक्ष टिकले का नाहीत?

दादा, वेगळा विदर्भ मागणारे इतके पक्ष निघाले, मग एकही का टिकला नाही, असं तुम्ही विचारलंत. लोकांना विदर्भ नकोच होता, हे उत्तर मला पटत नाही. वणीचे बापूजी अणे ऐंशी ओलांडल्यावर १९६२ मध्ये याच मागणीवर नागपुरातून लोकसभेत गेले. १९७१ मध्ये देशभर इंदिरा लाट होती, तरी जांबुवंतराव धोट्यांनी फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर तीच जागा काढली. मतं होती.

खेड्यातला माणूस धोट्यांच्या मागे गेला तो नकाशासाठी नाही. कृषी विद्यापीठ पश्चिम महाराष्ट्रात, राहुरीला चाललं होतं. कापूस, ज्वारी, तूर पिकवणाऱ्या वऱ्हाडाला काय, हा प्रश्न शेतकऱ्याला लगेच कळला. अकोल्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली, गोळ्याही झेलल्या, आणि १९६९ मध्ये अकोल्याला विद्यापीठ मिळालं. शेतकऱ्याचं दुखणं आणि विदर्भाची मागणी तेव्हा एक झाली होती. पुढच्या पक्षांना हे जमलं नाही.

दुसरं म्हणजे पक्ष होता तो जांबुवंतराव भाऊंच्या आवाजावर. तेच पुढे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि १९८० मध्ये नागपुरातून पंजावर निवडून आले. मागे राहिलेल्या कार्यकर्त्याने कोणाकडे पाहावं? २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली, तोवर गावागावातली माणसं दुसऱ्यांच्या दावणीला गेली होती. आमच्या यवतमाळकडे विदर्भाच्या सभेला आजही मैदान भरतं. मतदानाच्या दिवशी मात्र शाळेबाहेर चिठ्ठ्या वाटायला टेबल लागतात ते मोठ्या पक्षांचे; विदर्भवाद्यांचा पोलिंग एजंटसुद्धा आत नसतो. हे पाहून जीव तुटतो, कारण मत तिथंच पडतं.

त्यात १९९७ मध्ये भाजपनं भुवनेश्वरला वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. मागणी मोठ्या पक्षाच्या ताटात गेल्यावर लहान पक्षाला मत का द्यावं, असं लोकांना वाटणं साहजिक आहे. बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांनी २०१६ मध्ये महाधिवक्तापद सोडलं, विदर्भ राज्य आघाडी काढली. माणूस अभ्यासू, पण गावात शाखा नव्हत्या.

आणि अकोला-बुलढाण्याकडची शंका कुणी मनापासून दूर केली नाही: मुंबई सुटली तरी सगळं नागपूरलाच जाणार ना? याचं लेखी उत्तर आधी द्या. कोणती कार्यालयं अमरावतीला, कोणती अकोल्याला, सिंचनाचा पैसा कोणत्या जिल्ह्याला किती, हे जाहीरनाम्यात लिहा. मग आमच्याकडे मत मागायला या.