वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी खरंच झटणारे शिक्षक तुम्ही पाहिले आहेत का?

तुमचा मुलगा तिसरीत आहे, बोलायला चुणचुणीत आहे आणि पुस्तक उघडलं की अडतो, असं तुम्ही लिहिलंय. मी अगदी तसाच होतो, म्हणून उत्तर देतोय. एरवी मी इथे नुसता वाचतो. (हो, वाचतो!)

१९८७-८८ साली मी चिपळुणात चौथीत होतो. चौथी म्हणजे तेव्हा स्कॉलरशिपचं वर्ष. शाळा सुटल्यावर हुशार मुलांचा जादा तास चालायचा आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच. शेजारच्या खोलीत आमच्या बाई आम्हा सात जणांना घेऊन बसायच्या. बाईंचं नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. आमच्या तासाला पोरांनी 'ढ-वर्ग' असं नाव ठेवलं होतं आणि ते बाईंच्या कानावर गेलेलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर भला मोठा ढ काढला. ढग, ढोल, ढेकर म्हणून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं, ढ आला. आता उरलेली अक्षरं बघू."

त्याआधीची तीन वर्षं मी निभावून नेली होती. दुसऱ्याने धडा वाचला की मला तो ऐकूनच पाठ व्हायचा. मग पुस्तक तोंडासमोर धरून घडाघडा म्हणायचो. बाईंनी मला अर्धं पान म्हणू दिलं आणि मध्येच विचारलं, "यात 'पाऊस' कुठाय? बोट ठेव." माझं बोट पानभर फिरलं आणि चित्रावर जाऊन थांबलं. चित्रात पाऊस होता. कुणी हसलं नाही, कारण बाकीच्या सहा जणांनाही तो शब्द सापडला नव्हता.

आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "ह्येच्या डोक्यात काय शिरत नाय, बाई." बाई म्हणाल्या, "डोकं चांगलं आहे हो. अख्खा धडा पाठ करतो. अक्षरांनी घोळ घातलाय." मला कुणी असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

बाईंचं गमभनशी वाकडं होतं. तो क्रम हाताला सोपा, एका अक्षरातून दुसरं सहज वळतं. पण ज्याच्या डोळ्यात फरक टिकत नाही, त्याच्यापुढे म आणि भ शेजारी बसवले की संपलंच. त्या आधी म पक्का करून घ्यायच्या, मग पंधरा दिवस भलतीच अक्षरं, आणि भ त्यानंतर. घ आणि ध, थ आणि य यांचंही तसंच. 'ख'ला मी 'रव' वाचायचो. त्यांनी जमिनीवर चिंचोके मांडून ख काढला आणि र-चा पाय व-ला खालून कुठे चिकटतो, तिथे माझंच बोट फिरवलं.

वेलांटीची गोष्ट तर मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. 'कि' लिहिलेलं असलं की डोळ्याला आधी वेलांटी दिसते, पण तोंडाने आधी क म्हणायचा. मी 'किती'वर अडून बसायचो ते यापायी. रफाराचंही तेच. "ज्याच्या डोक्यावर रफार, त्याच्या आधी र म्हण," हे बाईंचं वाक्य. लग्नपत्रिकेत 'आर्शिवाद' दिसला की मला अजून ते ऐकू येतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या आम्हाला एसटी स्टँडवर न्यायच्या. गाड्यांना तेव्हा रंगवलेल्या पाट्या असत, अक्षरं हातभर. गाडी सुटायच्या आत पाटी वाचायची, एवढाच खेळ. गुहागर सोपं, एकच उकार. मग पोफळी. रत्नागिरीला मला तीन शनिवार लागले: आधी ते त्न, मग एक वेलांटी अलीकडे आणि एक पलीकडे! तिसऱ्या शनिवारी कंडक्टरने मी वाचेपर्यंत घंटी मारली नाही. आतले लोक ओरडत होते, बाई खिडकीखाली छत्री धरून उभ्या, आणि मी "रत्... ना..." करत होतो. 'री' म्हटलं आणि घंटी वाजली.

प्रेमळ वगैरे त्या नव्हत्या. उशिरा आलं तर कान पिळायच्या. पण वाचताना चुकलं म्हणून हात उगारलेला मला आठवत नाही. आणि सगळे सुटले असंही नाही. सातातल्या एकाने पाचवीत शाळा सोडली. परवा स्टँडवर भेटला, अजून गाडी विचारूनच चढतो. पुढे बाईंना मी कधीही भेटलो की त्या आधी त्याचीच चौकशी करायच्या, माझे मार्क नंतर.

'डिस्लेक्सिया' (डोकं चांगलं असूनही वाचताना-लिहिताना अक्षरांचा घोळ होणं) हा शब्द मी तिशीत ऐकला. मला तोच होता का, कोण जाणे, तपासणी कधी झालीच नाही. माझी दहावी १९९४ ची. अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती महाराष्ट्रात १९९६ पासून मिळू लागल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) आली. म्हणजे तुमच्या मुलाच्या वेळी निदान दार तरी आहे. 'लक्ष देत नाही' एवढ्यावर शाळेला सोडू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेची तपासणी. मुंबईकडे असाल तर सायन हॉस्पिटलमध्ये ती होते.

आणि घरी धडा वाचून घेण्याआधी एकदा त्याला स्टँडवर न्या. हल्ली बऱ्याच गाड्यांवर पळत्या अक्षरांच्या पाट्या असतात, त्या नकोत. एखादी जुनी, रंगवलेल्या पाटीची गाडी सापडते का बघा. रत्नागिरीने मात्र सुरुवात करू नका.